परदादीचे नाव

लेकीचा बारावीचा निकाल लागला आणि घरात कागदांची शोधाशोध सुरू झाली. पुढच्या प्रवेशासाठी जातीचे प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी हवी होती. आम्ही पिंजारी. महाराष्ट्रात पिंजारी, नदाफ, मन्सूरी हे इतर मागास वर्गात येतात. अर्जासोबत शपथपत्रावर वंशावळ द्यावी लागते, म्हणून मी कोऱ्या कागदावर कच्ची वंशावळ लिहायला बसलो. सर्वांत वर परदादांचे नाव, त्याखाली दादांचे, मग अब्बांचे, माझे आणि शेवटी लेकीचे. एका सरळ रेषेत पाच नावे झाली.

लेक शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "अब्बा, यात मी सोडून बाई कुणीच नाही."

मी म्हणालो, "फॉर्मला एवढंच लागतं."

"फॉर्मचं जाऊ द्या. तुमच्या परदादीचं नाव काय होतं?"

मला सांगता आले नाही. आठवत नव्हते असे नाही, मला ते कधी कळलेलेच नव्हते. वयाची चाळिशी ओलांडली, बीएड झालो, वीसेक वर्षे उर्दू आणि मराठी शिकवतो आहे. मुलांना 'कुटुंब' हा पाठ शिकवताना फळ्यावर आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा असे लिहून देतो. उर्दूच्या तासाला दादा, परदादा, लकडदादा. आणि माझ्याच परदादीचे नाव मला माहीत नव्हते.

जास्त लाज वाटण्याचे आणखी एक कारण होते. मी दुसऱ्यांच्या पणजोबांची नावे वाचून देणारा माणूस आहे.

आमचे चारठाणा जिंतूर तालुक्यात. बाहेरचे लोक इथे येतात ते यादवकालीन मंदिरे, बारव आणि तो उंच दगडी स्तंभ बघायला. पण या गावाच्या जुन्या कागदांत एक दुसरा काळही आहे. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचा कारभार आधी फारसीत चाले, 1880 च्या दशकात तो उर्दूत आला. त्यामुळे शेतसारा, खरेदी, इनाम, कोर्ट, पोलीस अशा सगळ्या सरकारी गोष्टी उर्दूत लिहिलेल्या. गावच्या पटवाऱ्याचे दफ्तर मात्र बऱ्याच ठिकाणी मोडीत. आज गावात मोडी वाचणारा सापडत नाही आणि उर्दू वाचणाराही जुनी घसट लिपी बघून मागे सरतो. त्यात तारीख फसली सालाची. आझुर, दै, बहमन असे महिने. हैदराबादच्या फसली सालात 590 मिळवले की साधारण इसवी सन निघतो, हे माहीत नसलेल्या माणसाला 1340 हा आकडा बघून आपला कागद सातशे वर्षांपूर्वीचा वाटतो.

म्हणून लोक माझ्याकडे येतात. 2019 च्या हिवाळ्यात आले ते आपलेच लोक होते. नागरिकत्वाच्या कागदांची चर्चा घराघरात चालली होती. लोक ट्रंका उघडून, पिशवीत चुरगळलेले कागद घेऊन येत. "सर, इसमें हमारे दादा का नाम है क्या, देखो." नाव सापडले की माणूस खुर्चीत मागे टेकून बसे. नाही सापडले की पुन्हा एकदा बघा म्हणे.

मग 2023 चे वर्ष आले. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधणे सुरू झाले. तेव्हा माझ्या ओट्यावर पाटील, देशमुख मंडळी बसू लागली. हातात शंभर वर्षांपूर्वीच्या उर्दू कागदाची झेरॉक्स. "सर, आमच्या पणजोबाच्या नावापुढं काय लिहिलंय तेवढं सांगा." मी बोट ठेवून वाचत असे. अमुक वल्द तमुक, कौम अमुक, साकिन मौजा चारठाणा. ज्याच्या पूर्वजाचे नाव निघे तो माझे हात धरी. चार वर्षांपूर्वी आपल्या लोकांच्या चेहऱ्यावर जे बघितले होते तेच मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. आपल्या माणसाचे नाव जुन्या शाईत दिसले की कुठल्याही धर्माच्या माणसाचा गळा भरून येतो.

इतके कागद वाचल्यावर मला त्यांची एक खोड कळली. त्यांत माणूस येतो तो काही द्यायचे-घ्यायचे असेल तेव्हाच. जमीन असेल, सारा भरायचा असेल, कर्ज काढले असेल, भांडण झाले असेल तर तुम्ही कागदावर. ज्याच्याकडे काही नाही, ज्याचे कुणाशी भांडण नाही, तो कागदात नाही. बाई तर फार क्वचित. ती आली तर विधवा म्हणून, वारस म्हणून, 'जौजे अमुक' म्हणजे अमुकची बायको म्हणून. कधी तिचे नाव असते, कधी तेवढेही नसते.

आमच्या घरात एकच जुना कागद आहे. घराच्या जागेचा, फसली 1340 चा, म्हणजे 1930-31 चा. त्यात परदादांचे नाव, त्यांच्या वडलांचे नाव आणि पुढे 'कौम नद्दाफ'. नद्दाफ म्हणजे कापूस पिंजणारा. लेकीचा अर्ज त्या एका शब्दावर उभा राहिला. इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा महत्त्वाचा मानतात, आणि अब्बांच्या शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले आहे. गंमत म्हणजे, आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वाचून दिले, पण स्वतःच्या कागदाचे माझे भाषांतर चालणार नव्हते. ते अधिकृत भाषांतरकाराकडून करून घ्यावे लागले.

तो 'मुसलमान' शब्द कसा आला हे मला अब्बांनीच एकदा सांगितले होते. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारले, जात काय? दादांनी उत्तर दिले, "मुसलमान लिहा." पिंजारी म्हणायला त्यांना संकोच वाटला. इस्लाममध्ये जात नाही हे आपण सांगतो, पण सोयरिकीच्या वेळी कोण सय्यद, कोण पठाण, कोण पिंजारी, कोण बागवान, हे सगळे बरोबर आठवते. दादांनी जो शब्द लपवला तोच आता त्यांच्या पणतीसाठी मी शोधत होतो. मन्सूर हल्लाजमधल्या 'हल्लाज' या शब्दाचा अर्थही पिंजारी असाच आहे, आणि पिंजारी लोक स्वतःला मन्सूरी म्हणवतात ते त्याच नात्याने. जो धंदा इतक्या मोठ्या सूफीच्या नावाला चिकटला आहे, त्याची दादांना लाज का वाटावी? पण दादांना दोष देत नाही. त्यांनी ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून दुसऱ्यांच्या गाद्या भरल्या होत्या. मी खुर्चीवर बसून हे लिहितो आहे.

ते असो. परदादांचे नाव कागदात होते. परदादीचे कुठेच नव्हते. कब्रस्तानातही नाही. शब-ए-बरातला अब्बा मला सोबत न्यायचे. एका मातीच्या उंचवट्याशी थांबून म्हणायचे, "ये तेरे परदादा." मग लिंबाच्या झाडाकडे हात करून, "परदादी उधरीच कहीं है." कच्च्या कबरी, त्यावर पाटी नाही, पावसाळ्यांनी माती बसत जाते. आपल्यात तीच रीत योग्य मानतात आणि मलाही ती पटते. पण दगडावर नाव लिहायचे नसेल तर ते निदान मनात तरी हवे.

अब्बा आता नाहीत. राहिल्या फक्त फुफी, अब्बांच्या मोठ्या बहीण, ऐंशीच्या पुढच्या. सेलूला मुलाकडे असतात. रविवारी लेकीला घेऊन गेलो.

"फुफी, दादांच्या अम्मीचं नाव काय होतं?"

फुफी हसल्या. "नाम कौन लेता था रे? सब बड़ी माँ बोलते थे."

"पण तुमचे दादा काय हाक मारायचे?"

"अगे सुनती क्या, बोलते थे. नहीं तो पोरांच्या नावानं. नाम कायकू लेंगे?"

फुफी अशाच बोलतात, अर्धे दखनी, अर्धे मराठी. नाव त्यांना ठाऊक नव्हते, पण बाई पूर्ण ठाऊक होती. त्या बोलत गेल्या आणि लेक वहीत लिहीत गेली. बड़ी माँ उंच होती. डाव्या कानाची पाळी झुमक्याने फाटलेली. परदादा पिंजण खांद्यावर घेऊन पुढे चालायचे, ती डोक्यावर गाठोडे घेऊन मागे. परदादा तात छेडून कापूस पिंजत, गादी भरत. टाके घालायची ती. तिचा टाका इतका सारखा की गादी फाटेल पण टाका उसवणार नाही, असे लोक म्हणत. तिला अंबाडीची भाजी आवडे. ज्वारीची भाकरी ती हातावर थापायची, परातीत नाही. कुराण शरीफ तिला वाचता येत नव्हते, पण कापूस निवडताना ती दरूद म्हणत बसे, आणि कापसाचा ढीग किती झाला त्यावरून दरूद किती झाले हे ठरवी.

मग फुफींनी ती गोष्ट सांगितली जी मी लहानपणी तुकड्यातुकड्यांत ऐकली होती. 1948 चे वर्ष. आधी रझाकारांच्या भीतीने गावोगावची हिंदू घरे रात्री जागत होती. सप्टेंबरात फौजा आल्या, संस्थान गेले, आणि मग भीती आमच्या घरांत आली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नंतर ज्या जिल्ह्यांत सर्वांत जास्त झळ बसल्याचे सांगितले त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड होते. त्या चारांत परभणी नव्हते, पण बातम्या चालत येतात आणि भीतीला जिल्ह्याची हद्द कळत नाही. फुफी तेव्हा सात-आठ वर्षांच्या. पुरुष कुठे गेले होते ते त्यांना आठवत नाही. बड़ी माँने पोरांना घेतले आणि ज्या घरी ती दरवर्षी गाद्या शिवायला जायची त्या घराच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. त्या घराने आत घेतले. आठ दिवस ठेवले. आमची पत्र्याची पेटी त्यांनी धान्याच्या रिकाम्या पेवात उतरवून वर कडबा टाकला. फसली 1340 चा तो कागद त्याच पेटीत होता.

लेकीने लिहायचे थांबवले आणि माझ्याकडे बघितले. तिच्या अर्जाला जोडलेला कागद कुणी वाचवला ते आम्हाला त्या दिवशी कळले. कागद परदादांच्या नावाचा होता, पेटी उचलून नेणारी ती होती.

परतताना बसमध्ये माझ्या मनात सीरतमधली एक गोष्ट घोळत होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या परदादींचे नाव चौदाशे वर्षांनंतरही आपल्याला माहीत आहे. त्या सलमा बिन्त अम्र. हाशिम यांच्या पत्नी, अब्दुल मुत्तलिब यांच्या आई, यसरिब म्हणजे पुढच्या मदिनेच्या बनू नज्जार घराण्यातल्या. प्रेषितांना मक्का सोडावी लागली, मदिनेत प्रत्येक कबिला आमच्याकडे उतरा म्हणू लागला, तेव्हा ते बनू नज्जारमध्ये उतरले. आजोबांचे आजोळ म्हणून. ज्यांच्या घरी मुक्काम झाला ते अबू अय्यूब अन्सारी त्याच घराण्यातले. एका परदादीचे नाते तीन पिढ्यांनंतर निवारा होऊन उभे राहिले. हे नाते लक्षात ठेवले गेले होते म्हणूनच ते कामी आले.

आपल्याकडे नसब म्हटले की लोकांना शजरा आठवतो. चौकटीत लावलेला, अरबस्तानापर्यंत पोहोचणारा. हिंदूंमध्ये कुणाची नावे त्र्यंबकेश्वराच्या पुरोहितांच्या वह्यांत असतात, कुणाचे कुलवृत्तांत छापलेले असतात, कुणाच्या दारी भाट येऊन पिढ्या म्हणतो. पिंजाऱ्याच्या दारी कोण येणार? पण हदीसमध्ये नसब शिकायला सांगितले आहे ते मिरवायला नव्हे, नातेवाईक ओळखून नाती जोडून ठेवायला. आणि आखरी खुतब्यात अरबाला गैरअरबावर मोठेपण नाही, हेही सांगितले आहे. दोन्ही एकत्र वाचले की अर्थ लागतो. पूर्वज आठवायचे ते मोठे होते म्हणून नाही. ते आपले होते म्हणून.

विरासतीच्या कायद्यातही दादी-नानी विसरलेली नाही. हजरत अबू बकर (रजि.) खलिफा असताना एक आजी आपला वाटा मागायला आली. त्यांनी परस्पर निकाल दिला नाही, लोकांना विचारले. मुगीरा बिन शोबा यांनी सांगितले की प्रेषितांनी आजीला सहावा हिस्सा दिला होता. दुसरा साक्षीदार विचारला, त्यानेही तेच सांगितले, आणि आजीला सहावा हिस्सा मिळाला. अबू बकर (रजि.) स्वतः अरबांच्या वंशावळींचे मोठे जाणकार होते. ज्याला ठाऊक नव्हते त्याने विचारले, एवढे तरी आपण शिकू शकतो.

म्हणून मी पुन्हा विचारायला निघालो. ज्या घराच्या मागच्या दाराशी बड़ी माँ उभी राहिली होती, त्या घरी. तिथल्या आजी आता नव्वदीला आल्या आहेत. 1948 नंतर दोन-तीन वर्षांनी त्या या घरात सून म्हणून आल्या. आठ दिवसांची गोष्ट त्यांनी सासूकडून ऐकलेली. डोळ्यांना कमी दिसते, कान ठीक आहेत. मी ओट्यावर बसलो, कोण ते सांगितले.

"पिंजाऱ्याचा मास्तर व्हय? ये, ये. च्या घेतोस का?"

"आजी, माझ्या पणजीचं नाव तुम्हाला आठवतं का? तुमच्याकडं गाद्या शिवायला यायची."

आजी थांबल्यासुद्धा नाहीत. लगेच नाव सांगितले. आमच्यात त्या नावाला 'बी' लागते, त्यांनी 'बाई' लावून सांगितले. "माजी सासू हाक मारायची की तिला. दिवाळीच्या आधी यायची. दुपारी दोघी जणी सुपारी कातरत बसायच्या. नाव का इसरंल?"

आमच्या घरात ते नाव कुणी उच्चारत नव्हते, कारण उच्चारणे बरे दिसत नव्हते. त्या घरात ते मोकळेपणी हाक मारायला वापरले जात होते. एक बाई दुसऱ्या बाईला हाक मारत होती म्हणून ते राहिले.

मी फुफींना फोन केला आणि नाव सांगितले. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "होगा बाबा. हमने तो बड़ी माँच बोले." म्हणजे खात्री नाही. कागद नाही, शिक्का नाही, साक्षीदार एकच. समितीपुढे हे चालणार नाही, आणि तिथे त्याची गरजही पडली नाही. लेकीचे प्रमाणपत्र नद्दाफ या शब्दावर मिळाले. पण घरच्या वहीत आम्ही ते नाव लिहिले आहे, आणि त्यापुढे कुणाकडून कळले तेही.

ते नाव मी इथे लिहीत नाही. माझ्या परदादीचे नाव वाचून तुम्हाला काय करायचे? तुमच्या परदादीचे नाव आठवते का ते बघा.

शाळेत मी हा प्रयोग केला. सातवीच्या वर्गाला म्हणालो, वडलांचे नाव सगळ्यांना येते, आजोबांचे येते. आता पणजीचे लिहा. दोन-तीन पोरांनी लिहिले, बाकीची एकमेकांच्या पाटीत डोकावू लागली. मग फळ्यावर हिशेब मांडला. आई-वडील 2, आजी-आजोबा 4, पणज्या-पणजोबा 8. म्हणजे प्रत्येकाला चार पणज्या असतात. दहा पिढ्या मागे गेलो की तो आकडा 1024 होतो. एक पोरगा म्हणाला, "सर, मग आपण सगळे एकमेकांचे कुणीतरी लागत असू." मी त्याला शाबासकी दिली आणि घरी जाऊन स्वतःचा हिशेब केला. माझ्या चारपैकी एकीचे नाव आता कळले आहे. अम्मीच्या नानीचे अम्मी नक्की सांगू शकते. दोन अजून बाकी आहेत.

तुम्हाला एकच विनंती. रमजान ईदला, बकरी ईदला आपण म्हाताऱ्या माणसांना भेटायला जातोच. सलाम करतो, शिरखुर्मा खातो, मोबाईलमध्ये फोटो काढतो आणि निघतो. यंदा थोडे जास्त बसा. सोबत वही न्या. पहिलाच प्रश्न नावाचा विचारू नका, कारण त्याला "कौन लेता था नाम" असेच उत्तर येईल. विचारा, ती काय रांधायची, कुठल्या गावची होती, कशाने गेली, कुणाशी तिचे जमायचे. त्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नीट लिहून घ्या. नाव बहुतेक त्या मैत्रिणीच्या घरी असते, आणि ते घर आपल्याच धर्माचे असेल असे काही नाही.

लेक आता शिकायला बाहेरगावी गेली आहे. वही तिनेच नेली. परवा फोनवर म्हणाली, "अब्बा, अम्मीच्या बाजूचं पान सगळं रिकामं आहे." या सुट्टीत आम्ही मानवतला जाणार आहोत, तिच्या परनानीच्या गावी. तिथे बायकोची एक मामी आहे, पंच्याऐंशीची. तब्येत बरी नसते असे कळले, म्हणून सुट्टीची वाट न बघता येत्या रविवारीच जावे असे म्हणतो.